परभणीची हॉटेलं आणि आमची कपबशी

आमच्या जिल्ह्याबद्दल दोन म्हणी आहेत. एक, ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’. दुसरी, ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’. ही दुसरी म्हण इथला माणूस छाती फुगवून सांगतो. तिच्यातल्या जर्मनीचा आणि परभणीचा संबंध काय, हे मात्र कुणाला धड सांगता येत नाही. आमच्या लोकांना तो सांगता येईल. आमच्याकडे अ‍ॅल्युमिनियमला जर्मन म्हणतात. जर्मनचं पातेलं, जर्मनचा डबा. खेडोपाडीच्या हॉटेलांत महारामांगांसाठी जो वेगळा कप बाहेर ठेवलेला असायचा, तो पुष्कळदा जर्मनचा असायचा. चिनी मातीचा असला तर त्याचा कान तुटलेला.

जिल्ह्याचा इतिहास लिहिणारे गंगाखेडची जनाबाई लिहितात, पाथरीचे साईबाबा लिहितात, तुराबुल हक दर्ग्याचा उरूस आणि मुक्तिसंग्राम लिहितात. लिहोत. पण बाजाराला आलेल्या माणसाने चहा कुठे बसून प्याला, पाणी कशातून प्याला, डोकं कुणाकडून भादरून घेतलं, रात्री कुठे टेकला, हा इतिहास कुणी लिहीत नाही. ज्यांना कुठेच अडलं नाही त्यांना तो सुचणारही नाही. कोणत्या हॉटेलाचे भजे बरे, कुठला रस्सा पाण्यासारखा, यावर परभणीचा माणूस तासन्‌तास बोलतो. मीही पंचेचाळीस वर्षं या शहरात राहतो, मलाही मतं आहेत, आणि ती मी इथे सांगणार आहे. फक्त आमचं मत जिभेपासून सुरू होत नाही. ते उंबऱ्यापासून सुरू होतं.

आधी चहाबद्दल. चहा हा काही पुराणातला पदार्थ नव्हे. विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात मळेवाल्यांच्या मंडळींनी गाड्या फिरवून, फुकट कप वाटून तो या देशात रुजवला. मनुस्मृतीत चहा नाही, कपबशी नाही, स्टोव्ह नाही. कपबशी साहेबाच्या देशातून आलेली. तरी ती आमच्या खेड्यात उतरली त्या दिवसापासून तिला विटाळ लागला. विहिरीचा विटाळ बापजाद्यांपासून चालत आला, आम्ही काय करणार, असं म्हणणारे लोक होते. मग या कालच्या वस्तूवर विटाळ कुठून आला? त्याला कोणता शास्त्राधार होता? म्हणजे विटाळ ही जुनी साचलेली घाण नाही. तो रोज ताजा तयार होतो, आणि जी नवी वस्तू येईल तिला चिकटवता येतो.

हॉटेल म्हणजे काय, तर चार कूड, वर पत्रा, पुढे भट्टी, बरणीत गोडीशेव, परातीत भजे, आत दोन बाकडी. बाकडी आमच्यासाठी नव्हती. आमचा कप वळचणीला खोचलेला, नाहीतर बाहेरच्या दिवळीत पालथा. तो आपणच काढायचा. रांजणाला हात लावायचा नाही. मालकाचं पोरगं वरून पाणी ओतील त्यात विसळायचा, भुईवर उकिडवं बसायचं, तो वरून चहा सोडील तो झेलायचा, पिऊन झाला की पुन्हा विसळून पालथा घालायचा. पैसे मालकाच्या हातात द्यायचे नाहीत, फळीवर ठेवायचे. ते मात्र तो उचलायचा. फार सोवळा असला तर त्यावर पाणी शिंपडायचा. माझा आजा म्हणायचा, ‘‘आपल्या कपात कुत्र्यानं तोंड घातलं तर मालक हाड म्हणायचा न्हाई. त्याच्या कपावर आपली सावली पडली तर मातर गाव गोळा करायचा.’’

आणि एक गोष्ट आपणच लिहिली पाहिजे, कारण दुसरं कुणी लिहिणार नाही. दिवळीत पुष्कळ ठिकाणी कप दोन असायचे. एक महाराचा, एक मांगाचा. महार मांगाच्या कपाला शिवत नव्हता. हे त्याला मालकाने सांगावं लागत नव्हतं. १९५६ नंतर आमच्या वस्त्यांनी बुद्धवंदना म्हणायला घेतली, मेलेलं ढोर ओढणं सोडलं, पण दिवळीतला तो दुसरा कप कितीतरी वर्षं तसाच राहिला. आज एप्रिलमधली बाबासाहेबांची मिरवणूक आणि ऑगस्टमधली अण्णाभाऊंची मिरवणूक बघा. दोन्हीकडचे चेहरे मोजा. मग मी काय म्हणतो ते कळेल.

परभणी हा निजामाच्या हैदराबाद संस्थानातला जिल्हा. मुंबई इलाख्यात १९२३ साली सीताराम केशव बोले यांचा ठराव झाला. १९२७ ला महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं गेलं. १९४६ साली मुंबई सरकारने अस्पृश्यांच्या सामाजिक अपात्रता काढून टाकणारा कायदा केला. यातलं काहीही आमच्याकडे लागू नव्हतं. संस्थानात काय चालायचं त्याचा दाखला बाबासाहेबांनीच लिहून ठेवला आहे. १९३४ साली ते सहकाऱ्यांसह वेरूळला जाताना दौलताबादचा किल्ला बघायला थांबले. वाटेच्या धुळीने अंग भरलेलं, म्हणून दाराजवळच्या तळ्यावर हातपाय धुतले. मागून एक म्हातारा मुसलमान धावत आला, धेडांनी तळं बाटवलं म्हणून ओरडत. जमाव जमला. शेवटी किल्ल्यात कुठे पाण्याला हात लावू नये म्हणून बरोबर हत्यारी शिपाई दिला, तेव्हा किल्ला बघता आला. बॅरिस्टर झालेल्या, गोलमेज परिषदेला जाऊन आलेल्या माणसाची ही गत. तिथे आमच्या खेड्यातल्या येसकराने हॉटेलात बाकड्यावर बसायचं स्वप्न काय बघावं!

हैदराबादेत अशा तऱ्हेचा कायदा आला तो पोलीस अ‍ॅक्शननंतर, १३५८ फसलीत, म्हणजे १९४८-४९ ला. मग घटना आली. घटनेच्या १५ व्या कलमात दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं आणि करमणुकीच्या जागा यांचा नाव घेऊन उल्लेख आहे. त्यांच्याच पाठोपाठ विहिरी, तळी, घाट, रस्ते. एवढ्या मोठ्या देशाच्या मूलभूत हक्कांत हॉटेलाचं नाव कशाला, असं पांढरपेशा वाचकाला वाटेल. आम्हाला वाटत नाही. २९ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत या कलमावर चर्चा झाली. तेव्हा दुकान या शब्दात लाँड्री येते का, दाढी करायचं सलून येतं का, असा प्रश्न निघाला. बाबासाहेबांच्या उत्तराचा मथितार्थ असा, की दुकान म्हणजे नुसतं आत शिरायची जागा नव्हे. मोबदला ठरला की आपली सेवा द्यायला जो बसला आहे, त्या सगळ्यांचा समावेश त्या शब्दात होतो. हा शब्द असा ताणून रुंद करणारा माणूस सातारच्या ज्या घरात वाढला, तिथे पोरांचे केस बहीण कापायची. न्हाव्याची वस्ती भरपूर होती आणि पैसेही द्यायची तयारी होती, पण न्हावी हात लावायचा नाही. पुढे १९१७ साली बडोद्याला नोकरीवर हजर व्हायला गेले तर हॉटेलात जागा मिळेना, म्हणून पारश्यांच्या खानावळीत पारशी नाव लिहून राहावं लागलं आणि अकराव्या दिवशी काठ्या घेऊन आलेल्या पारश्यांनी बाहेर काढलं. हॉटेल हा शब्द घटनेत पुस्तकातून आलेला नाही.

अस्पृश्यता अपराध कायदा १ जून १९५५ पासून लागू झाला. त्यात उपाहारगृहात जायला मज्जाव करणं हा गुन्हा आहेच, पण तिथली भांडी वापरू न देणं हाही वेगळा गुन्हा म्हणून लिहिलेला आहे. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. १९७६ च्या दुरुस्तीने त्याचं नाव नागरी हक्क संरक्षण कायदा झालं आणि कमीत कमी एक महिना कैद ठरली. म्हणजे कायद्याने आमचा जर्मनचा कप १९५५ ला फोडला होता. गावात तो नंतरही वीस-पंचवीस वर्षं दिवळीत होता.

का होता? तर तक्रार घ्यायची त्या जमादाराचा चहा त्याच हॉटेलातून यायचा. तक्रार झालीच तर पंचनाम्याआधी मालकाला निरोप जायचा. पंच येईपर्यंत दिवळी मोकळी. वर, ‘‘साहेब, आपल्याकडं असला भेदभाव न्हाईच, इचारा कुनालाबी.’’ कुनालाबी म्हणजे आत बाकड्यावर बसलेल्यांना. शरणकुमार लिंबाळे यांच्या ‘अक्करमाशी’त (१९८४) वेगळ्या कपबशीविरुद्ध पोरं पोलिसांकडे जातात. ते गाव सोलापूरकडचं, पण वाचताना मला ते आमचंच वाटलं. आमच्या गावात १९७३-७४ च्या सुमाराला मिलिंद कॉलेजात शिकणारी दोन पोरं दिवाळीच्या सुट्टीत आली. औरंगाबादला होस्टेलात एका पंगतीला जेवायची सवय लागलेली. ती सरळ बाकड्यावर जाऊन बसली. मालक भांडला नाही. म्हणाला, दूध नासलं. दुसऱ्या दिवशीही दूध नासलं. आठ दिवस त्या हॉटेलात दूध नासत होतं आणि इतरांना चहा मिळत होता. नवव्या दिवशी पोरं गेली सुट्टी संपवून. नंतर महिन्याभरात मालकाने सगळे कप काढून काचेचे ग्लास आणले. आम्हाला वाटलं जिंकलो. पुढे लक्षात आलं, काही ग्लासांच्या बुडाला तांबड्या रंगाचा ठिपका आहे.

हे का सांगतो, तर वेगळा कप एका दिवसात आणि एका कारणाने गेला असं जे लोक समजतात त्यांच्यासाठी. तो कायद्याने गेला नाही आणि मनपरिवर्तनाने तर नाहीच नाही. तो गेला पगाराने, गाडीने, आणि गर्दीने.

पगार म्हणजे पूर्णा. मनमाड-सिकंदराबाद लाईनीवरचं जंक्शन, तिथूनच अकोल्याकडची लाईन फुटते. छोट्या लाईनीच्या जमान्यात तिथे इंजिनांचं शेड होतं. आमची किती माणसं तिथे खलाशी, गँगमन, कोळसा भरणारे म्हणून लागली! दर महिन्याला ठरलेल्या तारखेला रोकड पगार हातात येणारा महार जिल्ह्याने पहिल्यांदा पूर्ण्याला पाहिला. हॉटेलवाल्याला शेतकऱ्याचं गिऱ्हाईक सुगीपुरतं, रेल्वेवाल्याचं बारमाही. मग बाकडं मिळालं. उधारीच्या वहीत नाव चढलं. अशी एक जुनी वही मी पाहिली आहे. त्यात पाटलांच्या पोरांची नावं आडनावासकट, आणि आमची ‘भीमा रेल्वे’, ‘किसन रेल्वे’ अशी. जात लिहायची लाज होती म्हणा की सोय, पण खात्याने आम्हाला नवी जात दिली, रेल्वे. ती बरी होती. बौद्ध विहार, जयंती, पुस्तकं, सगळं पूर्ण्याला लवकर आणि जोमात आलं, त्याच्या बुडाशी हा पगार आहे.

गाडीबद्दल. निजामाच्या काळात रेल्वे स्टेशनांवर हिंदू चाय वेगळा, मुसलमान चाय वेगळा, पाणीही वेगळं. आम्ही दोन्हीत नव्हतो. पण गाडीची गंमत अशी की ती थांबते पाच मिनिटं. खिडकीतून हात बाहेर येतो, त्या हाताची जात विचारायला वेळ नसतो. निजाम सरकारने १९३२ ला सरकारी मोटारी सुरू केल्या. पुढे एस.टी. आली, गावोगावी स्टँड झाले, स्टँडवर कँटीन झालं. त्या कँटीनचा चहा मी जन्मभर प्यालो आणि आजही सांगतो की तो वाईट असतो. पाणचट, साखरेचा पाक, आलुबोंडा सकाळचा. तरी माझा बाप परभणीला आला की मुद्दाम स्टँडवरच चहा घ्यायचा. मी म्हणायचो, ‘‘बाबा, तिकडं चांगला मिळतो.’’ तर म्हणायचा, ‘‘हितं कुनी इचारत न्हाई.’’ चवीचा निकाल हा असा लागतो.

परभणी शहरात मी आलो तेव्हा जेवायला पहिल्यांदा नेलं ते मुसलमानाच्या हॉटेलात. स्टेशन रोडच्या आसपास, दर्ग्याकडे, कच्छी बाजाराकडे अशी हॉटेलं होती आणि आहेत. खिमा, पाया, दालचा, तंदूरची रोटी. संगमरवरी टेबलं, त्यावर माशा, कोपऱ्यात रेडिओ. ‘‘आओ भाई, बैठो,’’ म्हणजे बैठो. आमच्या कितीतरी लोकांनी खुर्चीवर बसून पहिला चहा प्याला तो तिथे. दौलताबादच्या तळ्याची गोष्ट वर सांगितली, ती विसरून मी हे लिहीत नाही. मुसलमानांतही जात आहे, आणि खेड्यात तो गावाच्या बाजूने उभा राहिलेला मी पाहिला आहे. पण शहरातल्या त्या हॉटेलांनी आमचं जे केलं ते मान्य केलं पाहिजे. रस्सा तिखटजाळ, मटणाचे तुकडे मोजून, रोटी मात्र अव्वल. मी अजून जातो.

खानावळींचं वेगळं. पाटीवरच जात: लिंगायत खानावळ, ब्राह्मण खानावळ, मराठा खानावळ. त्यांत ज्वारीची भाकरी, पिठलं, शेंगदाण्याची चटणी हे जेवण जिल्ह्यात सगळ्यांत चांगलं. माझं मत विचाराल तर लिंगायत खानावळीची कडक भाकरी हिच्यासारखं दुसरं काही नाही. पण महिनेवारी मेंबर व्हायचं तर नाव, गाव, आडनाव. ‘‘कोण्या गावचे पाव्हणे? कोणापैकी?’’ मराठवाड्यातला हा प्रश्न फार प्रेमळ आवाजात विचारला जातो. गावाचं नाव सांगितलं की, ‘‘तिथले देशमुख आपल्या वळखीचे,’’ आणि मग थांबून बघायचं, आपण काय म्हणतो. अशा वेळी आमच्यातल्या पुष्कळांनी देशमुखांशी नातं लावलं. बाबुराव बागुलांनी ‘जेव्हा मी जात चोरली होती’ ही कथा लिहिली, १९६३ साली तिच्याच नावाचा संग्रह आला. तो वाचताना मुंबईच्या टीकाकारांना जे थरारक वाटलं, ते खानावळीतल्या आमच्या पोरांचं रोजचं होतं, दोन्ही वेळचं.

उडप्याचं हॉटेल आलं आणि पाटीवरची जात गेली. इडली-डोसा ना इथल्या पाटलाच्या घरचा, ना बामणाच्या घरचा. परक्या मुलखाचं खाणं, परक्या मुलखाचा मालक, बिल छापील. त्याला आमची आडनावं कळत नव्हती आणि कळून घ्यायची नव्हती. सांबार गोडसर, चटणी पातळ. पण बायकोला घेऊन पंख्याखाली बसता आलं ते तिथे.

मध्ये १९७८ येतं. २७ जुलैला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाडा पेटला. परभणी आणि नांदेड हे सगळ्यांत जास्त होरपळलेल्या जिल्ह्यांपैकी. घरं जळली त्याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं. जी जळली नाहीत त्यांचं काय झालं ते कमी लिहिलं गेलं. आमच्या भागात गिरणीवाला दळण घेईना, किराणावाला रॉकेल देईना, हॉटेलवाला चहा देईना. ‘‘नामांतर पायजे न तुमाला? मग जा औरंगाबादला, तिकडंच प्या चहा.’’ पगाराने आणि गर्दीने जे बाकडं मिळालं होतं, ते चार दिवसांत काढून घेता येतं, हे तेव्हा कळलं. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार होईपर्यंतची सोळा वर्षं हा प्रश्न विद्यापीठाचा म्हणून सांगतात. आमच्या खेड्यांत तो पिठाचा आणि चहाचाही होता.

आता बारबद्दल लिहितो. लिहू नये असं काही मित्रांचं म्हणणं. पण इतिहास लिहायचा तर देव्हाऱ्यातलाच लिहायचा काय? निजामाच्या तिजोरीत आबकारीचा पैसा मोठा होता, शिंदीखाने गावोगावी होते. १९५९ ला मुंबईचा दारूबंदी कायदा मराठवाड्यात आला आणि धंदा हातभट्टीत गेला. १९७३ च्या देशी मद्य नियमांनंतर ‘सरकारमान्य देशी दारूचे दुकान’ अशी पाटी चौकाचौकात लागली. मग परमिट रूम, मग बिअर बार, आता ‘फॅमिली’ विभाग वेगळा असलेले ढाबे, वसमत रोडला, जिंतूर रोडला. या सगळ्यांत मी एक पाहिलं. देशीच्या दुकानात ग्लास वेगळा नसतो. एकाने ठेवला की दुसरा तोच उचलतो, विसळतही नाही. चहाच्या हॉटेलात ज्याचा विटाळ होतो, तोच तिथे खांद्यावर हात टाकतो. बाबासाहेबांनी नागपूरला दिलेल्या प्रतिज्ञांत दारू पिणार नाही अशी प्रतिज्ञा आहे. आणि जिथे जायचं नाही अशी प्रतिज्ञा घेतली, नेमकी तीच जागा या जिल्ह्यात सगळ्यांत आधी समतेची निघाली! ही समता आम्हाला फार महाग पडली. किती घरं बुडाली ते आमच्या बाया सांगतील, सांगतातही. आणि ती रात्री अकराला बंद होते. माझा एक सहकारी वीस वर्षं माझ्या ताटातलं चखणं खात आला. त्याच्या घरी वास्तुशांतीला गेलो तर मला चहा स्टीलच्या ग्लासात, बाकीच्यांना कपात. वहिनींनी दिला, त्याला माहीत नव्हतं म्हणे.

ढाब्यांचं काळं मटण चांगलं असतं, तेल फार. बारमधला पापड सोडून काही खाऊ नये.

न्हाव्याचा प्रश्न सगळ्यांत शेवटी सुटला, कारण तिथे भांड्याला नाही, अंगाला हात लावावा लागतो. खेड्यात आमची डोकी आम्हीच भादरायचो. बाजाराच्या दिवशी तालुक्याला जाऊन अनोळखी न्हाव्याकडे बसायचं, ही आमच्या आधीच्या पिढीची चैन. जिंतूर, सेलू, मानवत, गंगाखेड, जिथला बाजार तिथलं सलून. आपल्याच गावचा कुणी येऊन खुर्चीच्या मागे बाकड्यावर बसला तर निम्मी दाढी तशीच ठेवून उठावं लागलेली माणसं मला माहीत आहेत. आज शहरात सलूनमध्ये कुणी विचारत नाही. खुर्ची फिरते, मसाज होतो, पोरं क्रिकेटपटूंसारखे केस कापून घेतात. खेड्यात मात्र काही ठिकाणी न्हाव्याने नकार देण्याऐवजी दुकानच तालुक्याला हलवलं आहे. गावात दुकान नाही, म्हणजे भेदभावही नाही.

चहाच्या बाबतीतही असंच झालं. आता ठिकठिकाणी अमृततुल्यच्या टपऱ्या झाल्या, चहा कागदी कपात. प्यायचा आणि फेकायचा. विसळायचा कुणी हा प्रश्नच मिटला. मला हा कागदी कप पाहिला की आजा आठवतो. त्याच्या कपाला कुणी शिवत नव्हतं, आता कुणाच्याच कपाला कुणी शिवत नाही. सगळ्यांना अस्पृश्याचा कप मिळाला, एवढंच झालं. पण त्यामुळे जुना कप गेला की नुसता दिसेनासा झाला, हे सांगणं अवघड झालं. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत ११ राज्यांतली ५६५ खेडी तपासली होती. साधारण तीनातल्या एका गावात चहाच्या दुकानात भांडं वेगळं होतं. त्यानंतर कागदी कप आला. आता तशी पाहणी करणारा काय मोजणार?

म्हणून जिथे कागदी कप चालत नाही तिथे बघावं. भाड्याची खोली बघावी. इथे १९७२ ला कृषी विद्यापीठ झालं, कॉलेजं झाली, क्लासेस झाले, पोरं खेड्यांतून येतात. ‘रूम भाड्याने देणे आहे’ अशी पाटी, खाली ‘फक्त शाकाहारी’. आमच्या वस्तीतल्या एका मुलाने, अंडंसुद्धा न खाणाऱ्या, अशा पाटीवर फोन केला. ‘‘हो, खोली आहे. नाव काय?’’ नाव सांगितलं. ‘‘आत्ताच गेली.’’ १९५५ च्या कायद्यात राहत्या जागेचाही उल्लेख आहे. पण ‘आत्ताच गेली’ याचा पंचनामा कसा करायचा?

१० डिसेंबर २०२४ ला परभणीत रेल्वे स्टेशनजवळच्या बाबासाहेबांच्या पुतळ्यापुढची संविधानाची प्रतिकृती फोडली गेली. ११ तारखेला बंद झाला, दगडफेक-जाळपोळ झाली, पोलीस वस्त्यांत शिरले. कायद्याचं शिक्षण घेणारा सोमनाथ सूर्यवंशी न्यायालयीन कोठडीत असताना १५ डिसेंबरला मेला. वडार समाजातला पोरगा. त्याचं पुढे उच्च न्यायालयात, सर्वोच्च न्यायालयात जे झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. मी इथे एवढंच नोंदवतो, की त्या आठवड्यात हॉटेलांची शटरं उघडल्यावर टेबलं पुन्हा वाटली गेली होती. कुणी वाटली नव्हती, माणसंच आपापली बसली. ज्या टपरीवर रोज सकाळी आम्ही सहा-सात जण उभे राहायचो, तिथे दोघे रस्त्याच्या पलीकडे उभे राहून प्यायले. कप तोच, कागदी. आणि जी प्रतिकृती फोडली त्या संविधानातच हॉटेल हा शब्द आहे, हे त्या दोघांपैकी एकालाही माहीत नसावं. आमच्यातल्याही कितीजणांना आहे?

आता गल्ल्याच्या आतल्या बाजूचं थोडं. आतापर्यंत सगळं गिऱ्हाइकाचं लिहिलं. आमच्या माणसाने हॉटेल काढलं तर? खेड्यात ज्यांनी काढलं त्यांच्याकडे वस्तीबाहेरचं गिऱ्हाईक फिरकलं नाही, बँकेचा हप्ता मात्र आला. शहरात आमची पोरं आता या धंद्यात उतरली आहेत. त्यांतल्या एकाने गेल्या वर्षी रस्त्यावर गाळा घेतला. मटण-भाकरी, अंडाकरी, चहा. हाताला चव आहे, पीठ ताजं. पाटी रंगवायची वेळ आली तेव्हा घरात दोन दिवस वाद झाला. आईचं म्हणणं, नाव ‘रमाई’ ठेव. भाऊ म्हणाला, ‘साई’ ठेव, कुणालाबी चालतं. बायको म्हणाली, आडनाव घालू नका म्हणजे झालं. पेंटर दोन वेळा येऊन परत गेला. शेवटी पोराने पाटीवर ‘हॉटेल’ एवढाच शब्द मोठ्या अक्षरांत लिहून घेतला, आणि खाली भाव. बाबासाहेबांचा फोटो लावला आहे, गल्ल्याच्या वर, आतल्या भिंतीला. रस्त्यावरून तो दिसत नाही, बिल द्यायला आलं की दिसतो. दुपारी बारा ते तीन गर्दी असते. फोटो बघून परत न आलेलं गिऱ्हाईक किती, ते पोरगं मोजतं. पहिल्या महिन्यात मोजलं होतं, आता सोडून दिलं म्हणाला, भाकऱ्या थापायला दुसरी बाई बघायची आहे.